पेट्रोलचा भाव उकलून कसा बघायचा आणि किलोमीटरचा खर्च कसा उतरवायचा

मी परभणीत एका पेट्रोल पंपावर हिशोब लिहिते. काउंटरवर मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, "ताई, भाव अजून किती चढणार?" आणि दुसरा, "मग आता घ्यावं तरी काय, इलेक्ट्रिक का सीएनजी?" पहिल्याचं उत्तर कुणाजवळच नसतं, पंपाच्या मालकाजवळ तर मुळीच नसतं. दुसऱ्याचं देता येतं, पण त्याआधी मी समोरच्याला विचारते, "तुमची गाडी किलोमीटरला किती रुपये खाते?" बहुतेकांना ते माहीत नसतं. माहीत असतो तो फक्त लिटरचा भाव.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आम्ही इकडचे लोक कौतुकानं म्हणतो. पेट्रोलच्या भावानं ते मधल्या काळात खरं करून दाखवलं. राज्यातलं सर्वांत महाग पेट्रोल कुठं, अशी बातमी आली की परभणीचं नाव ठरलेलं. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईत लिटर १२० रुपये ५१ पैशांना होतं, तेव्हा आमच्या बोर्डावरचा आकडा १२३ च्या पुढे गेला होता. त्यामुळे भाव कशानं वाढतो हे आम्हाला जरा जास्तच जवळून बघावं लागलं.

आधी बोर्डावरचा आकडा उकला

यासाठी मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो. उदाहरणाला लिटरचा भाव १०६ रुपये धरू. कराचे दर मी २०२५ मधले घेते. तुम्ही वाचाल तेव्हा बदललेले असतील तर तेवढे आकडे बदलून घ्या, रीत तीच राहील.

महाराष्ट्रात पेट्रोलवर व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, आहे २५ टक्के, आणि त्यावर लिटरमागे ५ रुपये १२ पैसे वेगळे. (मुंबई, ठाणे, नवी मुंबईत तो २६ टक्के होता, जुलै २०२४ पासून तिकडेही २५ झाला.) तर १०६ मधून आधी ५.१२ वजा करा. उरले १००.८८. याला १.२५ नं भागा. आले ८०.७०. म्हणजे व्हॅट लागण्याआधीची किंमत ८० रुपये ७० पैसे आणि राज्याचा वाटा दोन्ही मिळून २५ रुपये ३० पैसे.

आता ८०.७० मधून केंद्राचं उत्पादन शुल्क काढा. एप्रिल २०२५ पासून ते लिटरला २१ रुपये ९० पैसे. उरले ५८.८०. त्यातून पंपवाल्याचं कमिशन काढा, ते चार रुपयांच्या आसपास असतं. राहिले साधारण ५४ रुपये ८० पैसे. यात कच्चं तेल, ते शुद्ध करण्याचा खर्च, कंपनीचा नफा आणि डेपोपासून पंपापर्यंतचं भाडं, सगळं आलं.

हा हिशोब ढोबळ आहे, रुपया-दीड रुपया इकडंतिकडं होईल. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते: १०६ मधले ४७ रुपये कर आहे. त्या ४७ मधले २७ रुपये ठरीव आहेत, तेल स्वस्त होवो की महाग. उरलेले २० टक्केवारीचे, ते किमतीबरोबर वरखाली होतात. म्हणून तेल कंपनीनं चार रुपये वाढवले की तुमच्या खिशातून पाच जातात.

भाव वाढतो तेव्हा नेमकं काय वाढलेलं असतं

आपल्याला लागणारं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. एका बॅरलमध्ये १५९ लिटर. बॅरल ८० डॉलरला आणि डॉलर ८५ रुपयांना धरला तर बॅरलचे झाले ६,८०० रुपये, म्हणजे लिटरला पावणेत्रेचाळीस. यातून एक आडाखा मिळतो, तो लक्षात ठेवा. बॅरल एका डॉलरनं महागलं की लिटरमागे साधारण पन्नास पैसे वाढतात. डॉलर एका रुपयानं महागला, तरीही साधारण पन्नास पैसेच वाढतात. वर व्हॅट धरला तर साठ-पासष्ट. टीव्हीवर युद्धाची बातमी लागली की लोक घाबरून विचारतात. या आडाख्यानं त्यांना दोन मिनिटांत सांगता येतं की ही वाढ चार रुपयांची आहे की चाळीस पैशांची. रुपया घसरल्याची बातमी मात्र कुणी विचारत नाही. खिशाला दोन्ही सारख्याच.

कंपन्या पेट्रोलची किंमत काढताना नुसतं कच्चं तेल बघत नाहीत, तयार पेट्रोलचा आंतरराष्ट्रीय भाव बघतात. त्यात आयातीचा भाव ८० टक्के आणि निर्यातीचा २० टक्के धरायची पद्धत आहे. त्यामुळे कच्चं तेल जागेवर असतानाही कधी कधी पेट्रोल हलतं.

आता कराची गोष्ट, कारण खरी मेख तिथं आहे. एप्रिल २०२० मध्ये लॉकडाऊननं जगभर मागणीच संपली. २० एप्रिलला अमेरिकेतल्या वायदेबाजारात तेलाचा भाव शून्याच्याही खाली गेला होता. आपल्याकडे मात्र त्याच काळात, मार्चमध्ये तीन आणि मे महिन्यात दहा, असं मिळून १३ रुपये उत्पादन शुल्क वाढलं आणि पेट्रोलवर ते जवळपास ३३ रुपयांवर गेलं. स्वस्ताई आली ती सरकारच्या तिजोरीत जमा झाली. पुढं तेल महागलं, ती महागाई मात्र थेट आपल्याकडे आली. मग नोव्हेंबर २०२१ मध्ये ऐन दिवाळीत पाच रुपये उतरवले, मे २०२२ मध्ये आठ. पाच आणि आठ तेरा. जे चढवलं होतं तेच उतरवलं. तेव्हा पंपावर लोक खूश होते, आणि मी कशाला कुणाची दिवाळी खराब करू?

दर रोज सकाळी सहाला बदलण्याची पद्धत १६ जून २०१७ पासून आहे. पेट्रोलचे भाव सरकारनं २०१० मध्येच मोकळे केले होते. कागदावर असं असलं तरी ४ नोव्हेंबर २०२१ पासून २२ मार्च २०२२ पर्यंत भाव एका पैशानं हलला नाही. मधल्या काळात रशिया-युक्रेन युद्ध पेटलं, बॅरल १३९ डॉलरपर्यंत जाऊन आलं, तरी बोर्ड जागच्या जागी. कारण पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. त्या उरकल्या आणि सोळा दिवसांत चौदा वेळा भाव वाढला, एकूण दहा रुपये. बहुतेक वेळा ऐंशी-ऐंशी पैसे. त्या दिवसांत रात्री दहानंतर पंपावर रांगा लागायच्या. स्कूटीच्या टाकीत फार तर पाच लिटर बसतं, म्हणजे वाचणार चार रुपये. आणि रांगेत पाऊण तास गाडी चालू-बंद, चालू-बंद करत पुढं सरकायची. उद्या वाढणार म्हणून आज टाकी फुल करणं हा पैसे वाचवण्याचा उपाय नाही, एवढं मी त्या रांगेकडे बघून सांगू शकते. बाटल्या-कॅन घेऊन येणाऱ्यांना तर आम्ही परतच पाठवतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल देता येत नाही, आणि घरात ते साठवणं म्हणजे जिवाशी खेळ.

जाता जाता पंपवाल्याचीही बाजू सांगते. दर ठरवायचा त्याला काहीच अधिकार नाही. त्याचं कमिशन लिटरवर असतं, टक्क्यावर नसतं. भाव एका रात्रीत आठ रुपयांनी उतरला की टाकीतला जुन्या भावानं घेतलेला सगळा साठा तोट्यात जातो. म्हणून भाव वाढला की शिव्या घालायच्या तर त्या नोझल धरून उभ्या असलेल्या पोराला घालू नका.

आमच्या भावाचा आणखी एक घटक आहे, अंतर. मुंबईच्या रिफायनरीचं पेट्रोल पाइपलाइननं मनमाडजवळ पानेवाडीच्या डेपोत येतं, आणि परभणीला येणारा टँकर तिथून तीनशेहून जास्त किलोमीटर रस्ता तुडवून येतो. ते भाडं किमतीत धरलं जातं आणि वर त्या भाड्यावरही २५ टक्के व्हॅट. रुपयाचं भाडं आपल्याला सव्वा रुपयाला पडतं. मुंबईपेक्षा परभणीत दोन-तीन रुपये जास्त का, याचं उत्तर त्या रस्त्यात आहे.

जीएसटीचं विचाराल तर पेट्रोल, डिझेल, कच्चं तेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन हे पाचही १ जुलै २०१७ पासून जीएसटीच्या बाहेरच आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला होता, तिथंच मिटला. केंद्र आणि राज्य दोघांचीही कमाई त्यात अडकलेली आहे, त्यामुळे मी तरी त्याची वाट बघत बसलेली नाही.

राहिलं इथेनॉल. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. "ऊस आपल्या शिवारातला, मग पेट्रोल स्वस्त का नाही?" असं शेतकरी विचारतात, आणि ते बरोबरच विचारतात. पण उसाच्या रसापासूनचं इथेनॉल कारखान्यांकडून लिटरला ६५ रुपये ६१ पैशांनी घेतलं जातं. वर आपण काढलेल्या ५४.८० शी ताडून बघा. मिसळलेली वस्तूच महाग, तर मिश्रण स्वस्त कसं होणार? कारखान्याला आणि उसाला भाव मिळतो, परकीय चलन वाचतं, ते फायदे खरे आहेत. पण ते तुमच्या बिलात दिसत नाहीत. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या आराखड्यातच लिहिलं आहे की जुन्या, साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या दुचाकीचं ॲव्हरेज यानं तीन-चार टक्के आणि चारचाकीचं सहा-सात टक्के घटू शकतं. भाव न वाढताही खर्च वाढतो तो असा.

आपल्या गाडीचा किलोमीटरचा खर्च काढा

शोरूमवाल्यानं सांगितलेलं ॲव्हरेज विसरा. "पाचशेचं टाकलं की आठवडा जातो" हाही हिशोब नव्हे. टाकी ते टाकी मोजा.

टाकी फुल करा. नोझल आपोआप कट झाली की थांबा, काठोकाठ भरायला लावू नका. उन्हात पेट्रोल फुगतं, वाफेला जागा लागते, आणि सांडलं तर नुकसान तुमचंच. मीटरचा किलोमीटर आकडा लिहून ठेवा. रोजच्यासारखी गाडी चालवा. पुन्हा भरायची वेळ आली की शक्यतो त्याच पंपावर, त्याच मशीनवर, पहिल्या कटपर्यंत भरा. किती लिटर बसलं ते पावतीवर बघा. मधल्या किलोमीटरला तेवढ्या लिटरनं भागा, हे झालं ॲव्हरेज. लिटरच्या भावाला ॲव्हरेजनं भागलं की किलोमीटरचा खर्च आला.

एखादी जुनी स्कूटर ४५ देत असेल तर १०६ भागिले ४५, म्हणजे किलोमीटरला २ रुपये ३६ पैसे. साठ देणारी मोटारसायकल असेल तर पावणेदोन. १७ देणारी कार असेल तर सव्वासहा रुपये. हा आकडा हातात आल्याशिवाय पर्याय निवडायला बसू नका.

भरताना फसवणूक होत नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या. मशीनवर शून्य बघणं सगळ्यांना माहीत आहे. शून्याबरोबर डेन्सिटीचा (घनतेचा) आकडाही तिथंच किंवा बोर्डावर असतो. पेट्रोलसाठी तो साधारण ७२० ते ७७५ च्या दरम्यान असायला हवा. शंका आली तर फिल्टर पेपर मागा. त्यावर पेट्रोलचा एक थेंब टाकायचा, उडून गेल्यावर डाग राहिला तर भेसळीचा संशय घ्यायला जागा आहे. माप कमी वाटलं तर पाच लिटरचं माप मागायचा तुम्हाला हक्क आहे. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ते धातूचं माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. पाच लिटरला पंचवीस मिलीपर्यंतची तूट नियमात बसते, त्याहून जास्त निघाली तर ती नोझल बंद करावी लागते. कुणी टाळाटाळ केली तर बोर्डावर कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर असतो, आणि ग्राहक हेल्पलाइन आहे १९१५.

बाकी "शंभरऐवजी एकशेदहाचं टाका, म्हणजे मशीन सेट केलेलं लागत नाही" आणि "पहाटे थंडीत भरलं की जास्त येतं" या व्हॉट्सॲपच्या गोष्टी आहेत. टाकी जमिनीखाली असते, तिथं सकाळ-दुपारचा फरक जवळपास पोचतच नाही. आणि ज्याला चोरी करायची, तो एकशेदहालाही करेल. प्रीमियम पेट्रोलचंही तसंच. गाडीच्या पुस्तकात जास्त ऑक्टेनचं सांगितलेलं नसेल, तर ते जादा रुपये खिशातच राहू द्या.

एक गोष्ट मात्र मनावर घ्या. इथेनॉल पाणी ओढून घेतं. आम्ही रोज डिप घेताना, म्हणजे पंपाच्या टाकीत सळई घालून साठा मोजताना, सळईला एक पेस्ट लावतो, तळाशी पाणी असेल तर तिचा रंग बदलतो. पावसाळ्यात तर ती तपासणी डोळ्यांत तेल घालून करावी लागते. तुमच्या गाडीच्या टाकीत कुणी सळई घालत नाही. तेव्हा झाकणाचं रबर फाटलं असेल तर बदला, आणि पावसात उघड्यावर महिना-महिना उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर सोडू नका.

फुकटात होणारी बचत

हवा. पंपावर ती फुकट असते आणि तरीही दहातले नऊ जण पेट्रोल भरून तसेच निघून जातात. दाबाचा आकडा दुचाकीच्या चेनकव्हरवर किंवा मागच्या बाजूला आणि कारच्या ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेला असतो. हवा भरायची ती टायर थंड असताना. मागं डबलसीट किंवा पोतं असेल तर मागच्या चाकाला जास्त लागते, तोही आकडा तिथंच लिहिलेला असतो.

दुसरं, गाडी मेन स्टँडवर लावा आणि चाक हातानं फिरवा. ते दोन-तीन फेरे मोकळं फिरलं पाहिजे. घसघस आवाज करत जागीच थांबलं, तर तुमचा ब्रेक दिवसभर अर्धा लागलेलाच आहे आणि तुम्ही त्याविरुद्ध पेट्रोल जाळताय. मेकॅनिक पाच मिनिटांत सैल करून देतो. एअर फिल्टरचंही इकडे फार होतं. शेतरस्त्याची माती आणि कापसाचा हंगाम असला की फिल्टर शोरूमनं सांगितलेल्या मुदतीच्या आधीच गच्च होतो. झटकून बघा, काळा पडला असेल तर बदला.

वेग चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवला की दुचाकी सर्वांत जास्त देते. ऐंशीनं पळवून मोकळ्या रस्त्यावर वाचतात ती फार तर दहा-बारा मिनिटं. रेल्वे फाटक पडलं असेल तर इंजिन बंद करा. अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबायचं तर बंदच बरं. एवढं केल्यावर पुन्हा टाकी ते टाकी मोजा. ॲव्हरेज ४५ वरून ४९ वर आलं, तरी किलोमीटर २ रुपये १६ पैशांवर येतो.

पर्याय कुणाला परवडतो

इलेक्ट्रिक स्कूटरपासून सुरू करते, कारण सगळ्यांच्या मनात तीच असते. कंपनी सांगते ती रेंज बाजूला ठेवा. चार्जिंगमधली गळती धरून एका युनिटला २८-३० किलोमीटर धरले तर फसणार नाही. आता युनिटचा भाव. इथं लोक चुकतात, कारण ते वीजबिल भागिले युनिट असा सरासरी दर काढतात. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ पासून पुढची दुपटीहून महाग. स्कूटरची युनिटं तुमच्या घरच्या वापराच्या वर चढतात, म्हणून त्यांना वरच्या टप्प्याचा दर लावा. वहन आकारासकट १२-१३ रुपये युनिट धरलं तरी किलोमीटरला ४५ पैशांच्या आसपास बसतं.

रोज २५ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६५० किलोमीटर. पेट्रोलच्या स्कूटरला यासाठी लागतात साधारण १,५३० रुपये, इलेक्ट्रिकला तीनशेच्या आसपास. महिन्याला सव्वाबाराशे वाचले. इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीस हजारांनी महाग पडत असेल तर दोन वर्षांत फिटते. पण रोजचं चालणं आठ किलोमीटर असेल तर तेच फिटायला सहा वर्षं लागतील, आणि तोवर बॅटरीची वॉरंटी संपत आलेली असेल. नवरा-बायको दोघंही गावातल्या गावात फिरणारे असतील, तर मी त्यांना सरळ सांगते, आहे ती गाडी नीट ठेवा.

इकडच्या उन्हाळ्याचाही विचार करा. पारा ४३-४४ वर असताना बाहेरून तापून आलेली गाडी लगेच चार्जिंगला लावू नका, तासभर सावलीत थंड होऊ द्या. रात्रीच लावा. वायरिंग जुनं असेल तर अर्थिंग तपासून वेगळा सॉकेट बसवून घ्या, एक्स्टेंशन बोर्डावर नको. घेण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: बॅटरीची वॉरंटी किती वर्षं आणि किती किलोमीटर, वॉरंटीनंतर नवी बॅटरी केवढ्याला, आणि दुरुस्ती परभणीत होणार की गाडी टेम्पोत घालून नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यावी लागणार. आमच्या ओळखीच्या एका ग्राहकाची गाडी एका छोट्या सुट्या भागासाठी महिनाभर शोरूममध्ये पडून होती. तो महिना त्याला पेट्रोलच भरावं लागलं. ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या, लायसन्स न लागणाऱ्या गाड्या बाजारहाटाला ठीक, पण डबलसीट घेऊन उड्डाणपूल चढायचा असेल तर आधी चालवून बघा.

घराला स्वतःचं छत असेल तर छतावर सोलर बसवण्यासाठीच्या पीएम सूर्यघर योजनेचाही हिशोब घाला. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्तला ७८ हजार रुपये अनुदान आहे. छतावर वीज झाली की वरच्या टप्प्याचा प्रश्नच मिटतो.

सीएनजीचं गणित कारसाठी जास्त जमतं. पेट्रोलवर १७ देणारी कार सीएनजीवर किलोला २५ च्या आसपास देते. किलोचा भाव ९२ धरला तर किलोमीटर ३ रुपये ७० पैशांना पडतो, पेट्रोलचा सव्वासहाला. अडीच रुपये वाचतात. कंपनीतूनच सीएनजी बसवून आलेली गाडी ९० हजारांनी महाग असेल तर ३६ हजार किलोमीटरनंतर फायदा सुरू होतो. महिन्याला पाचशे किलोमीटर चालवणाऱ्याला त्यासाठी सहा वर्षं लागतील, त्यानं या भानगडीत पडू नये. दुचाकीत बजाजनं जुलै २०२४ मध्ये सीएनजीची मोटारसायकल आणली. दोन किलोची टाकी, दोन लिटर पेट्रोल जोडीला, आणि किलोला १०२ किलोमीटरचा कंपनीचा दावा. दाव्यात दहा-पंधरा टक्के घट धरली तरी किलोमीटर रुपयाच्या आसपास येतो. फक्त सीएनजीचा पंप रोजच्या वाटेवर असला पाहिजे. भरायला वेगळे वीस किलोमीटर जायचं असेल तर वाचवलेलं तिथंच जातं. नळकांड्याची दर तीन वर्षांनी चाचणी करून घ्यावी लागते, जुन्या गाडीला किट बसवलं तर आरसी बुकावर नोंद लागते. आणि सीएनजी कायम स्वस्त राहील असं समजू नका. राज्यानं एप्रिल २०२२ मध्ये त्यावरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला म्हणून तेव्हा दिलासा मिळाला, पण देशातल्या जुन्या विहिरींतल्या वायूचा भाव एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या भावाशीच बांधलेला आहे.

रोज गावाबाहेर जाणाऱ्यांनी, म्हणजे गुरुजी, ग्रामसेवक, बँकवाले यांनी, गाडी बदलण्याआधी एसटी आणि रेल्वे तपासावी. एसटीच्या मासिक पासला वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास करता येतो, तीन महिन्यांच्या पासला पन्नास दिवसांच्या भाड्यात नव्वद दिवस. बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. जानेवारी २०२५ मध्ये भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, तरी अर्ध्या तिकिटात किलोमीटर रुपयाच्या आत पडतो, म्हणजे स्कूटीच्या निम्म्याहून कमी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना तर तिकीटच नाही. परभणीहून पूर्णा, नांदेड, सेलू, मानवत रोडकडे जाणाऱ्यांना रेल्वेचा मासिक पास याहूनही स्वस्त पडतो. अडचण एकच, गाडीची वेळ आणि शाळेची वेळ जुळली पाहिजे.

ती जुळत नसेल तर आमच्या गल्लीतल्या चार गुरुजींसारखं करा. चौघांच्या शाळा जिंतूर रोडलाच पुढेमागे आहेत. पाळीपाळीनं एकेकाची कार, प्रत्येकाचा आठवडा ठरलेला. सव्वासहा रुपयांचा किलोमीटर चौघांत वाटला की दीड रुपयाला पडतो, एकट्यानं मोटारसायकल चालवण्यापेक्षा कमी. ज्याचा आठवडा, त्यानं रविवारी संध्याकाळी हवा आणि पेट्रोल बघायचं. उशिरा येणाऱ्यासाठी पाच मिनिटं थांबायचं, सहाव्या मिनिटाला गाडी निघते. भांडणं झाली ती फक्त एसीवरून. एप्रिल-मेमध्ये एसी लावणाऱ्या आठवड्याला ते आता प्रत्येकी वीस रुपये वर काढतात.